फोटोचे लीव्ह अँड लायसन्स

फोन दुपारी येतो, नेमका डोळा लागताना. "तुमचा तो कासचा फोटो पाहिला, जांभळ्या फुलांचा. आमच्या नव्या स्कीमच्या ब्रोशरला घ्यायचाय. बोला, रेट काय?"

इथे होतकरू छायाचित्रकाराने आकडा सांगू नये. सांगितलाच, तर पलीकडून "एवढे? एका क्लिकचे?" हे ठरलेले. त्यावर पहाटे पठारावर भिजल्याची आणि लेन्सचे हप्ते अजून चालू असल्याची कहाणी तर मुळीच लावू नये. बिल्डर सिमेंटचे भाव ऐकवेल, आणि त्याचा अनुभव दांडगा असतो.

त्याऐवजी बिल्डरशी बिल्डरच्याच भाषेत बोलावे. लायसन्स म्हणजे काय हे त्याला शिकवावे लागत नाही. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार त्याने झोपेतही वाचलेला असतो. भाडेकरू राहतो, घर मालकाचेच असते. फोटोही विकायचा नाही, राहायला द्यायचा. मग विचारावे, जागा किती हवी? ब्रोशरचे आतले पान म्हणजे वन आरके. मुखपृष्ठ टू बीएचके. हायवेवरचे होर्डिंग हा वरचा मजला, त्याला फ्लोअर राइज आलाच. वेबसाइट आणि इन्स्टाग्राम हे पार्किंग. ते फ्लॅटच्या भावात येत नाही, हे त्यानेच आपल्याला शिकवले आहे. "दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही हं," म्हणाला तर अख्खी विंग घ्यावी लागेल असे शांतपणे सांगावे. "कायमचे सगळे हक्क" मागितले, तर ते खरेदीखत झाले. भाड्याच्या दरात खरेदीखत करून देणारा मालक त्याने तरी कुठे पाहिलाय? "खाली तुमचे नाव टाकू" ही रक्कम नव्हे.

ठरले ते लेखी घ्यावे, मुदत आणि प्रदेशासकट. १९५७ चा कॉपीराइट कायदा विसरभोळ्यांची काळजी वाहतो, पण आपल्या पद्धतीने: मुदत लिहायची राहिली तर ती पाच वर्षे धरतो, प्रदेश राहिला तर अख्खा भारत. साताऱ्याच्या ब्रोशरसाठी दिलेले फूल मग गुवाहाटीतही वाटले गेले, तरी प्रदेशाच्या नावाने बोंब मारता येत नाही.

याहून गोड सापळा म्हणजे, "पैशाचे बघू नका, आमच्यासाठी खास जाऊन काढून आणा." ॲडव्हान्स मोबाइलवर वाजतो आणि आपण भारावतो. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाराच, कलम १७. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते. नवरदेवालाही नसते, म्हणून संसार चालू आहेत.

फोटोच्या कोपऱ्यात आत्या ओळखू येत असेल, तर जाहिरातीला देण्याआधी तिचीही लेखी परवानगी घ्यावी. कॉपीराइट तुमचा असला तरी चेहरा आत्याचा आहे. ती आधी नको म्हणेल, मग पैठणी नेसून पुन्हा काढ म्हणेल, आणि शेवटी होर्डिंग व्याह्यांच्या रस्त्यावर लागणार का, हे विचारून सही करेल.

सह्या झाल्या, की चहा पिऊन निघावे. उत्साहाच्या भरात फुलाची माहिती देत बसू नये. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते हे कळले, तर तो पझेशनची तारीख तिच्यावर ढकलेल.