श्रीमंतांचा तनखा

"सकाळपासून पोटात काही नाही हो," असं म्हणत जो तुमच्या पोह्यांच्या बशीकडे बघत बसतो, तो माणूस तुमच्या ओळखीचा आहे. कुणाचा तो मेव्हणा असतो, कुणाचा ऑफिसातला सहकारी. वाराणसीत राजा घाटाच्या वरच्या गल्लीत तो बोका आहे. पिवळा, रुंद तोंडाचा, अर्धा कान कुठल्याशा लढाईत गमावलेला. माझ्या घरमालकीण काकू त्याला "श्रीमंत" म्हणतात आणि अहोजाहो करतात. मला अरेतुरे करतात.

घाटावरची पहिली घंटा वाजायच्या आत श्रीमंत काकूंच्या दाराला दोन्ही पंजे लावून उभे राहतात आणि वरून खाली नखं ओढतात. खर्रर्र. मग थांबतात. आत कूस बदलल्याची चाहूल लागली की पुन्हा खर्रर्र. दार जुनं आहे, सागवानी आहे, आणि त्याच्या खालच्या दीड हातावर आता रंग उरलेला नाही. उंबऱ्यावर रोज नखांची टरफलं सापडतात. जाणकार म्हणतात, मांजर ओरबाडतं ते नखांवरचं जुनं कवच काढायला, अंग ताणायला आणि पंजातल्या ग्रंथींचा वास लावून हद्द सांगायला. असेलही. पण अंग ताणणारा प्राणी दर ओरखड्यानंतर मान वळवून "कुणी बघतंय ना?" असं तपासत नाही. हा सरळसरळ तनख्याचा अर्ज आहे.

आणि तनख्याची या जागेला परंपरा आहे. हा घाट एके काळी अमृतराव घाट म्हणून ओळखला जायचा. राघोबादादांचे दत्तक चिरंजीव अमृतराव. १८०२ मध्ये होळकरांनी पुणं घेतलं, पेशवा दुसरा बाजीराव पळाला आणि कारभार अमृतरावांच्या हाती आला. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या वेलस्लीने त्यांना घसघशीत तनखा कबूल करून त्या भानगडीतून बाजूला काढलं. ते काशीला आले, घाट बांधला, देवळं बांधली. उपद्रव थांबावा म्हणून खायला घालायचं, हे राजकारण कंपनी सरकारला जमलं, कारण अमृतराव तनखा घेऊन खरोखर गप्प बसले. आमचे श्रीमंत वाटी चाटून होताच पुढच्या हप्त्याचा अर्ज करतात.

हप्ते तरी किती! काकूंचा दूधभात झाला की पोळीचा कुस्करा. तो झाला की मी दही आणलंय का याची चौकशी, म्हणजे माझ्या पँटवर खर्रर्र. थंडीत गल्लीच्या तोंडाशी दुधाच्या गोड फेसाचा मलइयोवाला आला की त्याचाही कर. मांजराला गोड चव कळतच नाही, त्याच्या जिभेवर तिचा ग्राहकच नाही, हे मी काकूंना शास्त्राच्या आधाराने सांगितलं. मोठ्या मांजराला बहुधा दूधही नीट पचत नाही, हेही सांगितलं. काकू म्हणाल्या, "त्यांना आवडतं." विषय संपला.

माझ्या खोलीला लागूनच पुढे नारद घाट आहे, हे मला योगायोगाचं वाटत नाही. महाभारतात, उद्योगपर्वात, दुर्योधन धर्मराजाला टोमणा मारायला एक गोष्ट सांगून पाठवतो आणि ती आपल्या वडिलांना नारदांनी सांगितली होती अशी ग्वाही देतो. गंगेकाठी एक बोका हात वर करून तप करत उभा राहतो. आता याने हिंसा सोडली, असं समजून उंदीर त्याच्या आश्रयाला येतात. "तपाने फार थकलो रे, मला रोज नदीवर तेवढं नेत जा," असं तो त्यांना सांगतो. पुढे बोका गलेलठ्ठ होत जातो आणि उंदीर घटत जातात. महाबलीपुरमच्या प्रचंड शिल्पपटातही तो बोका हात वर करून उभा आहे. फरक एवढाच, की श्रीमंतांना उंदीर पकडण्याचे कष्ट नकोत. त्यांनी थेट काकू पकडल्या.

यातली खरी कलाकुसर त्यांच्या घुरघुरीत आहे. २००९ साली इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरेन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की खायला मागणारं मांजर नेहमीच्या घुरघुरीत तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा एक उंच सूर मिसळतं. ज्यांनी जन्मात मांजर पाळलं नाही, त्यांनाही तो आवाज निकडीचा वाटतो. काकूंची मुलं पुण्याला आणि बंगळूरला. काकूंवर त्या सुराचा काय परिणाम होत असेल, हे मी लिहायला नको.

तरी मी उपाय काढला. दाराशेजारी सुतळी गुंडाळलेला एक ठोकळा उभा केला आणि काकूंना बजावलं, की दारावर खर्रर्र झालं तर उठायचं नाही. तो आधी जास्त ओरबाडेल, मग कंटाळेल. मधेच उठलात तर मात्र "जास्त वेळ ओरबाडलं की मिळतं" एवढंच तो शिकेल. काकूंनी मान डोलावली. पहाटे श्रीमंतांनी आधी जास्त ओरबाडलं, आणि ते कंटाळायच्या बेतात असताना काकू उठल्या. "किती वेळ उभे होते बिचारे!" ठोकळ्यावर आता काकूंची ओली पिशवी वाळत असते.

भाद्रपदात गंगा चढली. राजा घाटाच्या पायऱ्या एकेक करत बुडाल्या आणि श्रीमंत दिसेनासे झाले. पहाटे दार शांत. मला झोप लागायला हवी होती. मी ऐकत पडून राहायचो. काकू वाटी भरून ठेवायच्या आणि ओतून द्यायच्या. मुलांच्या फोनवर "मी जेवले" म्हणायच्या, पण स्वतःसाठी भात लावलेला मला दिसला नाही. शेवटी हातात दुधाची पिशवी घेऊन, "श्रीमंत! श्रीमंत!" अशा हाका मारत मी बंगाली टोला मोहल्ल्याकडे निघालो. लोक वळून बघत होते.

एका ओट्यावर बंगाली आजीबाई माशाचा काटा सोडवत होत्या आणि समोर श्रीमंत. "आमचा हुलो," त्या म्हणाल्या, "याला कुणी खायला घालत नाही, रोज सकाळपासून उपाशी असतो." पलीकडून एक तमिळ मामी दहीभात घेऊन आल्या, त्यांच्याकडे तो कण्णा होता आणि तिथेही उपाशीच होता. दारं दोघींचीही सोललेली.

१८२४ साली काशीला आलेल्या बिशप हेबरने लिहून ठेवलंय, की अमृतराव वर्षातून एक दिवस येईल त्या ब्राह्मणाला आणि आंधळ्यापांगळ्याला तांदूळ आणि रुपया द्यायचे, आणि घेतलेल्यांना संध्याकाळपर्यंत बागेत बसवून ठेवायचे, म्हणजे कुणी दुसऱ्यांदा हात पसरू नये. ती बाग आज असती, तर मी श्रीमंतांना स्वतः उचलून आत टाकलं असतं.

त्याऐवजी काखेत मारून घरी आणलं. वाटेत त्यांनी माझा सदरा फाडला. सगळा हिशेब मी काकूंपुढे मांडला: तीन घरं, तीन भाषा, तीन तनखे, वर मासे. सोवळ्याच्या काकू आता काय करतात ते मी बघत होतो. त्यांनी पदर नाकाला लावला, श्रीमंतांना पायानेच स्वयंपाकघराबाहेर सरकवलं आणि भाताचं पातेलं चुलीवर चढवलं.

"माशांवर कसलं भागतंय त्यांचं," त्या म्हणाल्या. "आणि तू उभा काय राहिलास? ताट घे."