रांग मोडणाऱ्यांची रांग

आमच्या सोसायटीने सामायिक इंटरनेटसाठी 'अग्रक्रम धोरण' मंजूर केलं, त्याबद्दल कमिटीचं जाहीर अभिनंदन. ५६ फ्लॅट, १०० एमबीपीएसची एकच लाइन आणि रात्री नऊच्या ठोक्याला सगळ्यांना एकदम आठवणारी वेब सिरीज, असा तिढा होता. मोठी लाइन घ्यायची तर मेंटेनन्स वाढतो. त्यापेक्षा आहे त्यातूनच काहींना जास्त द्यावं, हे स्वस्त पडतं. मग कमी कोणाला मिळणार, ते ठरावात लिहायची पद्धत नाही.

धोरण सुटसुटीत होतं. 'अ' वर्गात पदाधिकारी, 'ब'मध्ये मेंटेनन्स वेळेवर भरणारे, 'क'मध्ये थकबाकीदार आणि 'ड'मध्ये भाडेकरू. भाड्याने दिलेल्या घरांपुढे कमिटीचे हात फार वर्षं बांधलेले आहेत. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही, असं सरकारने २००१ सालीच बजावून ठेवलंय. बँडविड्थबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही. सेक्रेटरींनी ही फट बरोबर हेरली.

नाकं मुरडणाऱ्यांनी जरा इतिहास आठवावा. ट्रंक कॉलच्या जमान्यात 'ऑर्डिनरी', 'अर्जंट' आणि 'लाइटनिंग' असे दर्जे होतेच. सांगलीहून मुंबईला बोलायचं तर ऑर्डिनरीवाला फोनपाशी ताटकळत बसायचा आणि लाइटनिंगवाला जादा पैसे मोजून पुढे सटकायचा. तारा त्याच, एक्सचेंज तेच. एवढी जुनी परंपरा, पण ट्रायला तिची कदर नाही. एअरटेलने 'प्लॅटिनम' आणि व्होडाफोन आयडियाने 'रेडएक्स' या योजनांत जास्त बिल भरणाऱ्यांना नेटवर्कवर झुकतं माप देऊ केलं, तर जुलै २०२० मध्ये ट्रायने त्या रोखून धरल्या. वर विचारलं काय, तर बाकीच्या ग्राहकांची सेवा यामुळे खालावणार का? हा प्रश्न आमच्या सभेत निघाला असता तर 'विषयपत्रिकेवर नाही' एवढ्यावर मिटला असता.

तांत्रिक बाजू समजावून द्यायला ३०२ मधल्या भाडेकरूला बोलावलं होतं. पोरगा नेटवर्किंगमध्ये नोकरीला आहे, म्हणून त्याला सभेत उभं राहायची परवानगी मिळाली, बसायची नव्हती. त्याने सांगितलं, की १९८१ च्या आयपी प्रमाणातच प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर अग्रक्रमासाठी तीन बिट राखलेले आहेत. तीन बिट म्हणजे आठ पायऱ्या. तळाला 'रूटीन', मग 'प्रायॉरिटी', 'इमिजिएट', 'फ्लॅश', त्याच्याही डोक्यावर 'फ्लॅश ओव्हरराइड'. ही नावं लष्करी संदेशांच्या उतरंडीतली, हे कळताच अध्यक्ष खुर्चीत ताठ झाले. १९९८ मध्ये बिट सहा झाले, म्हणजे दर्जे ६४. खजिनदारांनी तोंडी हिशेब केला: प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र दर्जा देऊनही आठ उरतात, ते अध्यक्षांच्या पाहुण्यांसाठी राखीव ठेवावेत. टाळ्या पडल्या. हा शिक्का पाठवणारा आपल्याच हाताने मारून घेतो, त्यामुळे गेटबाहेर त्याला सहसा कोणी विचारत नाही, हेही त्या पोराने सांगितलं. पण तोवर चहा आला होता.

गाडं अडलं ते 'ब' वर्गामुळे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी अर्ज दिला, शेअर बाजार सव्वानऊला उघडतो, तेव्हा आपल्याला 'अ'मध्ये घ्यावं. कोणाच्या मुलाचा न्यू जर्सीहून फोन येतो, कोणाच्या मुलीच्या सीईटी फॉर्मची शेवटची तारीख, महिला मंडळाची तर ऑनलाइन भजनस्पर्धाच. प्रत्येक अर्जाला सज्जड कारण होतं आणि प्रत्येक अर्जदाराला मत होतं. कमिटीची निवडणूक तोंडावर. बघता बघता 'अ' वर्ग तुडुंब भरला. मग 'अ-विशेष' निघाला, पाठोपाठ 'अ-अतिविशेष'. थकबाकीदारसुद्धा आत आले. त्यांचीही मतं असतात. आज भाडेकरू वगळता अवघी सोसायटी अतिविशेष आहे. रात्री नऊला पडद्यावरचं चक्र अजूनही फिरतं, फक्त आता ते अग्रक्रमाने फिरतं.

३०२ वाल्याने मध्येच एक आगाऊपणा केला. म्हणाला, निम्मं दुखणं राउटरच्या पोटात आहे. कोणी मोठा व्हिडिओ वर चढवायला घेतला, की त्याची पॅकेटं तिथे साठत जातात आणि दुसऱ्याच्या बोलण्याचा चिमुकला तुकडा त्या ढिगामागे खोळंबतो. जिम गेटिस नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाला २०१० मध्ये स्वतःच्या घरीच हे आढळलं. त्याने त्याला 'बफरब्लोट' म्हटलं. २०१२ पासून लिनक्समध्ये यावर इलाज आहे, तोही फुकट. तो सगळ्यांना आळीपाळीने सोडतो, थोडकं काम असलेल्याला आधी वाट देतो आणि मालक कोण, भाडेकरू कोण, हे विचारत नाही. लाइन मोठी होत नाही, पण बोलणं तुटत नाही.

"म्हणजे माझी आणि तुझी पाळी सारखीच?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो काका."

"मग मी निवडून कशाला आलो?"

प्रश्न बिनतोड होता. सूचना एकमताने फेटाळली गेली.

'ड' वर्गाने मग वाय-फायचा नाद सोडला आणि आपापल्या मोबाइल डेटावर कामं सुरू केली. त्यांचं बरं चाललंय. परवा रात्री सेक्रेटरींचं आयकर विवरणपत्र अर्ध्यात लटकलं, मुदत बाराला संपत होती. अतिविशेष दर्जा बाजूला ठेवून ते चप्पल अडकवून ३०२ पाशी गेले आणि हॉटस्पॉट मागितला. पोराने दिला. भाडेकरार वाढवायला त्याला सोसायटीची एनओसी हवी होती; 'कमिटीपुढे ठेवू' म्हणत ती सणावारांच्या पलीकडे ढकलली जात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्का मारलेली एनओसी सेक्रेटरी स्वतः वर नेऊन देऊन आले. धोरण यशस्वी झालं की नाही असं कोणी विचारलं, तर मी हेच एक उदाहरण देतो.