माया किती सोडलीय?

शिंप्याच्या दुकानात एक शब्द अजून जिवंत आहे. माया. शिवणीच्या आत दडवून ठेवलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. पोरगी वाढली, अंग भरलं, की शिवण उसवायची, बोटभर कापड बाहेर काढायचं आणि कपडा आणखी दोन वर्षं चालवायचा. झगमगीत दुकानातल्या तयार कपड्यांत ही माया शोधून सापडत नाही. खात्री करायची तर तिथला एखादा शर्ट उलटा करून बघा. शिवण संपते तिथंच कापडही संपलेलं असतं.

दिवाळीची खरेदी तोंडावर आलीय, म्हणून आज हाच विषय.

दरवर्षी या दिवसांत एक वाक्य कानावर पडतं. ‘देशी घ्यायला हरकत नाही हो, पण परवडत नाही.’ मला हे पटत नाही. देशात बनलेलं कापड महाग नाही. ते आपण डोळे मिटून, गर्दीच्या दिवसांत आणि भलत्याच दुकानातून घेतो, म्हणून महाग पडतं. स्वदेशीचे पुरस्कर्ते सार्वजनिक काका 1877च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेले, 1905मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली. त्या पिढीनं पदराला खार लावून स्वदेशी नेसलं. आपल्यावर ती वेळ नाही. आपल्याला फक्त शहाणपणानं घ्यायचंय.

पहिलं शहाणपण लेबल वाचण्याचं. नावावर जाऊ नका. अस्सल देशी वाटणाऱ्या नावाच्या शर्टावर आतल्या बाजूला ‘मेड इन बांगलादेश’ लिहिलेलं सापडतं, आणि परदेशी नावाचा टी-शर्ट तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमध्ये शिवलेला निघतो. बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरच्या सीमेतून यायला मे 2025मध्ये बंदी झाली. आता ते समुद्रमार्गे न्हावा शेवा आणि कोलकात्यालाच उतरतात. म्हणजे येणं थांबलेलं नाही, वाट बदललीय. ज्याला देशातलं हवंय त्यानं मानेमागची पट्टी बघावी, तिथं नसेल तर बाजूच्या शिवणीतली चिठ्ठी उलटून बघावी. दोन सेकंदांचं काम आहे.

दुसरं शहाणपण, घासाघीस कुणाशी करायची ते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904मध्ये आला. आज त्या गावात यंत्रमाग कामगाराची मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे कापडातला आडवा धागा. 52 पिकांच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, यावर तिथं आंदोलनं झाली, करार झाले. पुन्हा वाचा, पैसे. तुमच्या अंगावरच्या शर्टाला दीड-पावणेदोन मीटर कापड लागलं असेल, तर ते विणणाऱ्याच्या हातात शर्टाच्या किमतीतले दोन-चार रुपये पडले. बाकीचे शेकडो रुपये सूत, रंगाई, शिलाई, वाहतूक, दुकानाचं भाडं, जाहिरात आणि काचेतल्या पुतळ्यावर पडणारा दिव्यांचा झोत यांत वाटले गेले. म्हणून हातमागाच्या प्रदर्शनात एखादी बाई स्वतः विणलेला टॉवेल घेऊन बसली असेल, तर तिच्याशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालू नका. बचत तिच्या ताटात नाही. ती मधल्या पायऱ्यांत आहे.

त्यातल्या बऱ्याच पायऱ्या गाळायचा सोपा उपाय आपल्या आईवडिलांना माहीत होता. कापड घ्यायचं आणि शिवून घ्यायचं.

कापडाच्या पेठेतला हिशेब अजून तोच आहे. 58 इंची पन्ह्याला, म्हणजे कापडाच्या रुंदीला, शर्टाला एक मीटर साठ, पँटला एक वीस. पन्हा 36 इंची असेल, तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला सव्वादोन-अडीच मीटर. एवढं पाठ असलं, की दुकानदार जास्तीचं कापड गळ्यात मारू शकत नाही. मीटरचा भाव विचारला, की लगेच पन्हा विचारा. अरुंद पन्ह्याचं कापड मीटरला स्वस्त दिसतं आणि शर्टाला महाग पडतं.

आणि आता तर करसुद्धा कापडाच्या बाजूनं आहे. 22 सप्टेंबर 2025पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या नगावर 18. कर धरण्याआधी 2,500 रुपयांचा कुर्ता घरी येईपर्यंत 2,625 रुपयांना पडतो. तोच 2,600चा असेल तर 3,068 रुपयांना. दुकानातला फरक शंभराचा, खिशातला 443 रुपयांचा! कापडावर मात्र 5 टक्केच. साडी हेही कापडच, त्यामुळे ती वीस हजारांची असली तरी 5 टक्केच. लग्नाच्या खरेदीला निघालेल्यांनी हे आकडे चिठ्ठीवर लिहून बरोबर न्यावेत.

आता सवलतीच्या पाटीकडे वळू. एका मोठ्या दुकानात माझ्याच बाबतीत घडलेली गोष्ट. बाहेर ‘सरसकट 40 टक्के सूट’, आत शर्टाच्या चिठ्ठीवर कमाल किरकोळ किंमत ‘सर्व करांसहित’. बिलावर मात्र सूट वजा करून वर पुन्हा कर लावलेला. मी शांतपणे चिठ्ठीवरच्या त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. सर्व करांसहित. मग कर दुसऱ्यांदा कसा? काउंटरवरच्या मुलानं मॅनेजरला बोलावलं, बिल बदललं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2017मध्येच स्पष्ट केलंय, की सवलतीची जाहिरात करून कमी झालेल्या किमतीवर वरून कर लावणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. दुकानदार ऐकत नसेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आवाज चढवायची गरज नाही. बोट ठेवायची आहे.

सूट खरी कुठं असते? हंगाम ओसरल्यावर. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुकानदाराला सूट द्यायची गरजच नसते. लग्नसराई संपून आषाढ लागला, की पेठा ओस पडतात आणि तेव्हाचे सेल खरे असतात. स्वेटर फेब्रुवारीत घ्या, सुती कपडे आषाढात. खादीचं उलट आहे. तिथं गांधी जयंतीच्या सुमारास, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी, रिबेट असतं. टक्के आणि मुदत आपल्या गावच्या भांडारात विचारून घ्या आणि दिवाळीची खरेदी तिथूनच उरका.

पण खादी घेताना दोन गोष्टी सांभाळा. खादी म्हणजे हातानं कातलेलं सूत हातमागावर विणलेलं. कायद्यातली व्याख्याच तशी आहे. यंत्रावरच्या जाड्याभरड्या कापडालाही बाजारात सर्रास ‘खादी’ म्हणतात आणि तसाच भाव लावतात. 2013पासून खादी मार्क आहे, तो बघा. हातमागाच्या कापडावर 2006पासून हँडलूम मार्क आहे, रेशमावर 2004पासून सिल्क मार्क. अस्सलाचे पैसे देऊन नक्कल घरी आणणं, याइतकी मोठी उधळपट्टी नाही.

दुसरी गोष्ट, सुती खादी आटते. कापड दहा-पंधरा सेंटिमीटर जास्तीचं घ्या, घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजत घाला, सावलीत वाळवा, मग शिंप्याकडे द्या. एवढं केलं नाही, तर पहिल्या धुण्याला बाह्या मनगटाच्या वर सरकतात आणि आपण खादीला दोष देतो.

कापड पारखायला पदवी लागत नाही. एक टोक दोन्ही मुठींत धरून चोळा. पांढरी भुकटी पडली तर वजन खळीचं आहे, सुताचं नाही. पहिल्या धुण्यात खळ जाईल आणि हातात जाळी उरेल. मग कापड उजेडासमोर धरा. धागे सगळीकडे सारखे भरलेत का, ते दिसतं. ‘प्युअर कॉटन’ म्हणून दिलेल्या कापडाचा कडेचा एक धागा मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून टोकाला टणक मणी धरतं. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. पुढचे दहा मीटर त्या दुकानातून घ्यायचे की नाही, ते हा एक धागा सांगतो.

पैठणी घेणाऱ्यांनी पदर उलटा करावा. येवल्याच्या हातमागावरची अस्सल पैठणी पदराला आणि काठाला दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. मोर पुढून मोर आणि मागूनही मोरच. मागच्या बाजूला कापलेल्या धाग्यांचे झुपके लोंबत असतील, तर ती यंत्रावरची. यंत्रावरची घेऊ नका असं मी म्हणत नाही. हौस तिनंही भागते. तिला अस्सलाची किंमत देऊ नका, एवढंच.

शाळेच्या गणवेशाबद्दलही बोललं पाहिजे, कारण मध्यमवर्गाच्या घरात दरवर्षी न चुकता होणारी कापडखरेदी हीच. आपल्या सोलापूरची ओळख चादर आणि टॉवेल, पण तिथं गणवेश शिवण्याचा मोठा उद्योगही उभा आहे. तरी एखादी शाळा ‘अमुक दुकानातूनच घ्या’ म्हणते आणि पालक गुपचूप रांग लावतात. रांग लावू नका. पालकसभेत उभं राहून विचारा, की रंग आणि कापड सांगा, दुकान का सांगता? एकट्यानं विचारलं तर नाव लक्षात ठेवतात. वीस जणांनी विचारलं तर नियम बदलतो.

वीस जण जमलेच असतील, तर आणखी एक काम करा. ताका घ्या. आमच्या घरी एक जुना फोटो आहे. मी आणि माझे दोन चुलतभाऊ, तिघांच्या अंगात एकाच निळ्या चौकटीचे शर्ट. काकांनी पेठेतून अख्खा ताका आणला होता. उरलेल्या कापडाच्या उशांच्या खोळी आणि पिशव्या झाल्या. तेव्हा आम्हाला त्याची लाज वाटायची. आज तो फोटो बघताना काकांचा हिशेब कळतो. परकराचं पॉपलिन, चादरींचं सुती कापड, गणवेशाचं कापड असं सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून ठोक भावानं घेतलं, तर मीटरमागे चांगली बचत होते आणि विणकराचा माल एकदम उठतो.

आता शिंप्याकडे. ‘शिलाई फार घेतात’ ही दुसरी नेहमीची तक्रार. मान्य आहे, शिलाई वाढलीय. पण किंमत एकदाच देतो, कपडा किती वेळा घालतो, तो भागाकार करून बघा. चारशेचा टी-शर्ट वीस धुण्यांत पिळवटला, तर प्रत्येक वेळ वीस रुपयांना पडली. बाराशेत शिवून झालेला शर्ट दीडशे वेळा घातला, तर आठ रुपयांना. आणि शिंपी फक्त शिवत नाही, टिकवतोही. कॉलर घासून फाटली, की तो ती सोडवून पलटून लावतो. पँटची चेन बदलतो, रफू करतो. या कामांना फार पैसे पडत नाहीत, आणि गल्लीतल्या एका मशीनचं चाक फिरत राहतं.

गेल्या वर्षी मुलीला इचलकरंजीच्या पॉपलिनचा फ्रॉक शिवून घेतला. माप देताना मी विचारलं, “मास्तर, माया किती सोडणार?” ते म्हणाले, “खाली तीन बोटं सोडतो, बाजूला एकेक इंच. पोरगी उंच होणार तुमची.” यंदा ती खरंच उंच झाली. परवा मास्तरांनी खालची दुमड उसवली, इस्त्री फिरवली, नवी टीप मारली. वर्षभराच्या उन्हानं आणि धुण्यानं फ्रॉकचा निळा थोडा फिकटलाय. दुमडीतून बाहेर आलेली तीन बोटांची पट्टी मात्र पहिल्या दिवसाइतकी गडद आहे. मुलीनं आरशासमोर गिरकी घेतली आणि म्हणाली, खाली नवीन बॉर्डर लावली!

मी काही बोललो नाही. त्या पट्टीत यंदाच्या नव्या फ्रॉकचे पैसे वाचले होते. आणि तरीही त्या एका फ्रॉकमधून सूत कातणारा, विणणारा, रंगवणारा आणि शिवणारा अशी चार घरं जेवली होती, मास्तर तर दोनदा.

या दिवाळीत कापड घ्या, पन्हा विचारा, लेबल उलटा. आणि माप देऊन दुकानातून निघण्याआधी मास्तरांना एकच विचारा: माया किती सोडणार?