बर्फाळकर

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि बॉस्टनच्या उपनगरांतल्या मराठी घरांना पालवी फुटते. ऑफिसातून परतताना उजेड असतो. कुणी गुढीसाठी काठी शोधायला लागतं, कुणी खिडकीत मिरचीचं बी पेरतं. सुतक पाळतात ते एकटे बर्फाळकर.

खरं आडनाव निराळं, गाव अकोला. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत ज्याचे उन्हाळे गेले, त्याला बर्फाचं अप्रूप वाटणारच. पण यांनी हिवाळ्याचा सातबाराच आपल्या नावावर करून घेतला आहे. फोनमध्ये हवामानाची तीन ॲप. त्यांतलं सगळ्यात भीषण भाकीत करेल ते खरं. ‘तीन ते पाच इंच’ म्हटलं की यांना ऐकू येतं फक्त ‘पाच’. लोक दूध-ब्रेड भरायला धावतात, हे मिठाची पोती आणतात. पहाटे पाचला त्यांचा स्नोब्लोअर गुरगुरला की समजावं, फार नाही, दोनेक इंच पडला असेल. आपण तासभर खपून ड्राइव्हवे साफ करावा आणि नगरपालिकेच्या नांगराने जाता जाता तोंडाशी पुन्हा बर्फाची भिंत उभी करावी, या क्षणी भल्याभल्यांच्या तोंडून अस्सल मराठी बाहेर पडतं. बर्फाळकर मात्र त्या ड्रायव्हरला हात करतात. काम मिळालं ना!

साउथ बॉस्टनमध्ये उपसून मोकळ्या केलेल्या पार्किंगच्या जागेवर खुर्ची मांडून ठेवायची रीत आहे. वादळाची आणीबाणी उठल्यावर अठ्ठेचाळीस तास पालिकाही तिकडे काणाडोळा करते. बर्फाळकरांना घरचा ड्राइव्हवे आहे, गॅरेज आहे. तरी एक घडीची खुर्ची ते स्वतःच्याच दारात मांडतात. रीत म्हणजे रीत.

बर्फातले ते दर्दी आहेत. जानेवारीचा कोरडा, भुरभुरीत. त्याचा धड गोळासुद्धा वळत नाही. मार्चचा ओला, जड. फावड्याला चिकटतो आणि कंबर धरतो. डॉक्टर मंडळी या दुसऱ्याबद्दल कळकळीने इशारे देतात, आणि बर्फाळकरांना नेमका तोच प्रिय. ‘याला वजन आहे,’ म्हणतात. २०१४-१५च्या मोसमात बॉस्टनमध्ये ११०.६ इंच बर्फ पडला, हा विक्रम. बर्फाळकरांच्या बोलण्यावरून त्यातला शंभर इंच तरी त्यांनीच उपसला असावा. एरवी मराठी मंडळाच्या बैठकीत त्यांना कुणी विचारत नाही. वादळ आलं की मात्र सात घरांतून फोन येतात, आणि शेजारच्या आजीबाई खिडकीतून हात जोडतात. एप्रिलनंतर दारात नुसतं गवत. त्यात ते शेजाऱ्याचं जास्त हिरवं!

म्हणून ते वसंताला शक्य तितका लांब ठेवतात. २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियातल्या त्या ग्राउंडहॉगला स्वतःची सावली दिसली तर आणखी सहा आठवडे थंडी, असा समज. या दिवशी बर्फाळकर सावलीच्या बाजूने असतात. मार्चअखेर कुणी अंगातलं जाकीट उतरवलं रे उतरवलं, की ते १९९७ काढतात. त्या वर्षी ३१ मार्चला सुरू झालेल्या वादळाने १ एप्रिलपर्यंत बॉस्टनवर २५.४ इंच बर्फ टाकला होता. ‘एप्रिल फूल’ हा विनोद ते दर वर्षी तितक्याच ताजेपणाने करतात.

मेपलचा मोसम हा त्यांचा शेवटचा आसरा. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा जरा ऊब, असं असलं तरच मेपलच्या खोडातून रस पाझरतो. चाळीस गॅलन आटवावा तेव्हा गॅलनभर पाक. ‘रात्री गोठायलाच हवं, नाहीतर शेतकरी मरेल बिचारा,’ असं व्हरमाँटच्या वतीने ते आमच्यापाशी थंडी मागतात. पाडव्याला त्यांनी पुरणपोळीवर तुपाऐवजी हा पाक ओतला, तेव्हा वहिनी उठून आत गेल्या.

मेच्या सुरुवातीला सासूबाई आल्या. अकोल्यातून, अंगाची लाही होत असताना निघालेल्या. लेकीने अंगणातले ट्यूलिप दाखवायचं ठरवलं होतं. जावयाने त्याआधीच त्यांना गाडीत घातलं आणि मॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये नेलं. तिथे हिवाळाभर ढकलून रचलेल्या ढिगाचा शेवटचा, कंबरेएवढा अवशेष होता. वर खडी, मीठ, काजळी, एक हातमोजा. २०१५चा बॉस्टनचा ढीग १४ जुलैपर्यंत टिकला होता, ही माहितीही त्यांनी पुरवली.

‘हात लावून बघा, आई. बर्फ आहे.’

सासूबाईंनी पदर सावरला, एक बोट लावलं आणि काळं झालेलं बोट जावयाच्या पांढऱ्या शर्टाला पुसत म्हणाल्या, ‘हे तर डांबर आहे, जावईबापू. आमच्याकडे मेमध्ये तेसुद्धा वितळतं.’