बत्तीस पानी महत्त्वाकांक्षा

मराठी माणसाला कवी व्हावंसं वाटतं ते सोळाव्या वर्षी, कादंबरीकार व्हावंसं वाटतं तिशीत, आणि चित्रपुस्तक लिहावंसं वाटतं घरात पहिलं मूल किंवा पहिलं नातवंड आल्यावर. म्हणून या जमातीत आयटीतले इंजिनिअर सापडतात, बालवाडीच्या बाई सापडतात आणि बँकेतून निवृत्त झालेले आजोबाही सापडतात. समज सगळ्यांचा एकच: पानाला दोन ओळी, त्याही मोठ्या टायपात, म्हणजे एका रविवारचं काम. रविवार मावळतो तेव्हा हाती अकराशे शब्द असतात. नायक ससा, नायिका खार, खलनायक प्लॅस्टिकची पिशवी. लोक या माणसाच्या उत्साहाला हसतात, पण उत्साहात हसण्यासारखं काही नाही. गंमत आहे ती त्याच्या निवडीत. ज्या साहित्यप्रकारात लेखकानं निम्म्याहून जास्त वेळ गप्प बसायचं असतं, नेमका तोच यानं निवडलेला असतो. आणि गप्प बसणं हे एकच त्याला जमत नसतं. अर्थात यात सगळा दोष त्याचा नाही. तो कोणाचा, ते पुढे येईलच.

आधी पुरावा. अशा गोष्टीचं पहिलं वाक्य साधारण असं असतं: ‘हिरव्यागार झाडाखाली लाल फ्रॉक घातलेली पिंकी रडत बसली होती.’ आता झाड चित्रात आहे, हिरवं आहे. फ्रॉक चित्रात आहे, लाल आहे. पिंकीचे अश्रूही चित्रकारानं काढलेत. मग वाक्यानं काय केलं? ती का रडते, एवढंच सांगायचं होतं आणि तेवढंच राहिलं. शिवाय समासात चित्रकाराला सूचना असतेच: झाड वडाचं हवं, पारंब्या दिसल्या पाहिजेत. चित्रकार म्हणजे आपल्या वाक्यांत रंग भरून देणारा माणूस, अशी लेखकाची प्रामाणिक समजूत असते. पॅट हचिन्स या लेखिकेचं ‘रोझीज वॉक’ नावाचं इंग्रजी चित्रपुस्तक आहे, १९६०च्या दशकातलं. एक कोंबडी शेतावर फेरफटका मारून जेवायच्या वेळेला परत येते, एवढीच गोष्ट. शब्द अवघे ३२. चित्रांत मात्र एक कोल्हा पानोपानी तिच्या मागावर आहे आणि दर वेळी फजीत होतो आहे. या कोल्ह्याचा मजकुरात एका अक्षरानंही उल्लेख नाही. वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाच्या शब्दांत नसलेलं काहीतरी मांडीवरच्या चार वर्षांच्या मुलाला कळलेलं असतं, आणि ते ओरडून सांगण्यातच सगळी मजा आहे. आपल्या लेखकानं हीच गोष्ट लिहिली असती तर ‘लबाड कोल्हा’ पहिल्याच ओळीत आला असता आणि शेवटी मुलांना मागे वळून पाहण्याचा सल्लाही मिळाला असता. मॉरिस सेंडाकच्या १९६३च्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये राक्षसांचा धुडगूस सुरू झाला की सलग तीन जोडपानं शब्दच नाहीत. आपल्या माणसाला अशी कोरी जागा म्हणजे कोथरूडमधला मोकळा प्लॉट वाटते. बांधकाम न करता ठेवायचा कसा?

पुढे तो कार्यशाळेला जातो. तिथे कळतं की ३२ पानं हा आकडा प्रतिभेतून आलेला नाही, छापखान्यातून आलेला आहे. कागदाच्या घड्या पडून सोळा पानांचा एक फर्मा होतो, दोन फर्म्यांची बत्तीस. त्यातून शीर्षक आणि श्रेयाची पानं वजा केली की गोष्टीला बारा-चौदा जोडपानं उरतात, आणि पान उलटताना पुढे काय, ही उत्सुकता त्यातल्या प्रत्येकावर हवी. हे ऐकून तो कामाला लागतो, पण शब्द कापत नाही, टाइप बारीक करतो. अनेक भाषांत पुस्तक काढणारे प्रकाशक सगळा मजकूर काळ्या शाईत ठेवतात, म्हणजे भाषा बदलताना फक्त काळी प्लेट बदलावी लागते. यालाही आपलं पुस्तक चौदा भाषांत जायला हवं असतं. फक्त तात्पर्य लाल रंगात हवं.

ध्येयं मात्र अगदी क्रमवार ठरलेली असतात. आधी ‘किशोर’ मासिकात छापून येणं, मग प्रकाशक, मग साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार, मग ॲनिमेशन. पहिली गोष्ट अडलेली असताना बारा भागांच्या मालिकेची नावं ठरलेली असतात. प्रकाशकाचा नकार आला की तो बिअॅट्रिक्स पॉटरचा दाखला देतो: तिलाही प्रकाशकांनी नाकारलं, तिनं १९०१मध्ये पदरच्या पैशानं पीटर रॅबिटच्या २५० प्रती काढल्या! खरं आहे. पण ती गोष्ट मुळात १८९३मध्ये एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातली होती. वाचक आधी होता, पुस्तक मागून आलं. इथे पाचशे प्रती आधी छापून होतात आणि वाचक मुंजी-बारशांत शोधावे लागतात.

तात्पर्य काढून टाका म्हटलं की त्याची हरकत ठरलेली असते: मुलांना संस्कार नकोत का? पंचतंत्रात तात्पर्य नाही का? आहे की. पण विष्णुशर्म्याला काम दिलं होतं राजानं. राजपुत्रांना कोणी विचारलं होतं? बापाला निकाल हवा होता, म्हणून गोष्टीबरोबर नीती आली. दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. लेखिका माधुरी पुरंदरे चित्रकलाच शिकलेल्या, स्वतःच्या पुस्तकांतली चित्रं स्वतः काढतात. त्यांना शब्द वाचवणं सोपं, ज्याला रेघ ओढता येत नाही त्यानं काय करावं? त्यानं ज्युलिया डोनाल्डसनकडे पाहावं. ‘ग्रफलो’चे शब्द तिचे, चित्रं अॅक्सेल शेफ्लरची. चित्र काढता येणं ही अट नाही. चित्र बोलत असताना मध्ये न बोलणं ही आहे.

आता दोष कोणाचा. चित्रपुस्तकाचा वाचक चार वर्षांचा असतो, पण पैसे चाळीस किंवा सत्तर वर्षांचं माणूस देतं. आर्ट पेपर आणि चार रंगांची छपाई यांमुळे किंमत वाढते आणि गिऱ्हाईक पान चाळून म्हणतं, ‘एवढ्या पैशांत एवढंच? पाच मिनिटांत संपेल!’ तेच पुस्तक मूल महिनाभर रोज रात्री वाचायला लावतं, हा हिशेब दुकानात कोणी मांडत नाही. आजीला बोध हवा असतो, बाईंना जोडाक्षरं, बाबांना रुपयामागे शब्द. होतकरू लेखकाला हे मागणीपत्रक तोंडपाठ असतं, कारण कालपर्यंत तोही याच गिऱ्हाइकांत उभा होता. तो पाल्हाळ लावतो, कारण आपण तो मोजून विकत घेतो.

तेव्हा पुढच्या ग्रंथप्रदर्शनात चित्रपुस्तक हाती घ्याल तेव्हा शब्द मोजू नका. आणि असा कोणी लेखक आपली गोष्ट वाचायला देईल, तर ‘छान आहे’ म्हणून सुटू नका. शेवटचा परिच्छेद खोडून परत द्या. तात्पर्य हमखास तिथेच असतं.