सुकटीला नाक, दाशीला मान

रविवारी सकाळी एखाद्या घरात सुकट भाजली, की सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दहा मिनिटांत पंचनामा सुरू होतो. खिडक्या बंद होतात, उदबत्त्या पेटतात आणि ‘कुणाकडे काही जळतंय का?’ असा साळसूद प्रश्न पडतो. त्याच संध्याकाळी तीच नाकं हॉटेलात नूडल्सच्या जपानी वाडग्यावर ओणवी होऊन डोळे मिटतात. वाफेतला तो गूढ, गंभीर सुगंध कशाचा, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. बरेचदा तो सुक्या मासळीचा असतो. जपानी धाटणीचा मासळी-नूडल्सचा वाडगा घरी करायला महागडं सामान लागत नाही. तो सुगंध सुक्या मासळीचा आहे एवढं कबूल करण्याची हिंमत लागते, इतकंच माझं म्हणणं आहे.

पुरावा पातेल्याच्या तळाशी सापडतो. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचं आणि कात्सुओबुशीचं नितळ पाणी. कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा उकडून, पुन्हा पुन्हा धुरी देऊन आणि उंची प्रकारात वर चक्क बुरशी चढवून वाळवलेला. तो इतका टणक होतो, की सुतारासारखा रंधा घेऊन तासावा लागतो. बुरशी आलेला मासा आपल्याकडे घंटागाडीत जातो, जपानात तो आहेर म्हणून शोभतो. रोजच्या घरगुती दाशीला मात्र निबोशी चालते, म्हणजे उकडून वाळवलेली चिमुकली मासळी. डोकी आणि पोटं खुडायची, नाहीतर पाणी कडवट होतं; मग भिजत घालायची आणि मंद आचेवर ठेवायची. क्योतो तर समुद्रापासून लांब. तिथे होक्काइदोहून जहाजांनी सुका हेरिंग यायचा. १८८२ साली तिथल्या मात्सुबा या दुकानाने तो गोडसर शिजवून सोबा नावाच्या नूडल्सवर ठेवला, आणि निशिन सोबा म्हणून क्योतो आजही त्याचा तोरा मिरवतं. आपला सुका बोंबीलही असाच घाट चढून बाजारात पोचतो, पण त्याचा तोरा कुणी मिरवत नाही. पुढे १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो म्हणून विक्रीला आलं. चायनीजच्या गाडीवर आपण इतकी वर्षं जपानच खात आलो आहोत.

तेव्हा मी म्हणतो, दाशी जवळ्याची करावी आणि नूडल्सवर भाजलेला बंगडा ठेवावा. यावर शुद्धतावादी म्हणतील, बंगडा-जवळ्याचं हे सोंग अस्सल कसं? अस्सलपणाची चौकशी जरा लांबपर्यंत न्यावी. रामेन ही नूडल्सची जात मुळात चिनी; जपानात तिला कित्येक वर्षं ‘चुका सोबा’, म्हणजे चिनी सोबाच म्हणत. तिला पिवळसर छटा आणि चिवटपणा देणारं कान्सुई हे खाराचं पाणी आपल्या पापडखाराच्या भाऊबंदांपैकी. सोबा तर कुट्टूचा, जो उत्तरेत उपवासाला चालतो. म्हणजे निशिन सोब्यात उपवास आणि मासळी एकाच वाडग्यात सुखाने नांदतात! दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: सुकट म्हणजे निबोशी नव्हे. मान्य. निबोशी आधी उकडतात. आपला जवळा कच्चाच उन्हात पडतो, म्हणून त्याला वास जास्त आणि रेतीही फुकट मिळते. तेव्हा तो नीट निवडावा, कोरडा भाजावा, बेताने घ्यावा आणि पाणी फडक्यातून गाळावं. कोंबू मिळाला तर उकळी फुटायच्या आत बाहेर काढावा. चव जपानी होणार नाही. जपानी रीतीने कोकणी होईल.

माशाचा प्रश्न सोपा आहे. बंगड्याचा जपानी चुलतभाऊ साबा तिथेही मीठ लावून भाजतातच. मीठ लावावं, वीसेक मिनिटांनी सुटलेलं पाणी टिपावं आणि कातडीच्या बाजूने भाजावं. खरी परीक्षा पुढे. हात आपोआप लसणीकडे, हळदीकडे, कढीपत्त्याकडे जातो. तो आवरायला हवा. दाशीला फोडणी दिली की तिची आमटी होते. वाईट होत नाही, पण मग नूडल्स कशाला, भातच वाढावा. खाताना मात्र संयम सोडायला हरकत नाही. सोबा आवाज करत ओढणं जपानात शिष्टसंमत आहे, आणि कढीच्या भुरक्यावर तयार झालेल्या पिढ्यांना ते शिकवावं लागत नाही.

उरला व्हॉट्सॲप गट. जवळा तव्यावर टाकायच्या आधी तिथे ‘आज आमच्याकडे दाशी आहे’ एवढा निरोप टाकून ठेवावा.