तक्तेकाका

वाळूजच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये उभी हयात गेल्यामुळे पडेगावातल्या आमच्या तक्तेकाकांचा कुठल्याच वस्तूवर चटकन विश्वास बसत नाही. आडनाव अर्थात वेगळं. पण कूलर असो, इन्व्हर्टर असो, नाहीतर मुलीचं स्थळ, ते आधी तक्ता आखतात. स्थळांच्या तक्त्यात 'वॉरंटी' असा रकाना होता म्हणतात. मी पाहिलेला नाही, पण असणारच.

1 ऑगस्ट 2024 ला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्य मिळवलं. खाशाबा जाधवांनंतर तब्बल 72 वर्षांनी मराठी माणसाच्या गळ्यात ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक! लोकांनी पेढे वाटले, काकांनी वही काढली. पुतणी नुकतीच नेमबाजी शिकायला लागलेली, तिला रायफलवर बसवायचा स्कोप भेट द्यायचा होता. रायफल अजून घरात आलेली नव्हती.

"रायफल काय, कधीही येते," काका म्हणाले. "एअर रायफल .177 ची आणि 20 ज्यूलच्या आतली असली की परवानाही लागत नाही. खरा प्रश्न स्कोपचा."

त्या दिवसापासून दौलताबाद रोडच्या टपरीवर चहा प्यायची सोय राहिली नाही.

"पाकिटावर 3-9x40 लिहिलंय. म्हणजे काय? तीन ते नऊ पट मोठं दिसणार, आणि पुढच्या भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर. आता चाळीसला नवाने भागा." मी भागत नाही म्हटल्यावर स्वतःच भागतात. "4.4. एवढ्याच जाडीचा उजेड मागून बाहेर पडणार. अंधारात तरण्या पोराची बाहुली 7 मिलिमीटर उघडते, तुमची या वयात 5 उघडली तरी नशीब. मग 56 चं भिंग घेऊन वरचा उजेड ठेवायचा कुठे, खिशात?"

नळीचा विषय तर काढूच नये. नळी 30 मिलिमीटरची आहे म्हणून उजेड जास्त, असं एक दुकानदार बोलून गेला. काकांनी त्याला उभ्या उभ्या समजावलं, की जाड नळीमुळे मुख्यतः नेम वरखाली-डावाउजवा सरकवायला आत जागा जास्त मिळते, उजेडाचं श्रेय भिंगांना आणि त्यांच्यावरच्या लेपाला. हल्ली काका पायरी चढताना दिसले की तो दुकानदार जेवायला जातो. सकाळी अकरालासुद्धा.

एकदा कुणाचा तरी स्कोप उसना आणून काका गच्चीवर बसले. देवगिरीच्या तटाला जांभळी किनार दिसते का, कडेचं चित्र फाटतं का, डोळा भिंगापासून किती लांब ठेवला की काळं वर्तुळ येतं, सगळं मोजपट्टी लावून चाललेलं. खालून काकूंचा आवाज आला, "अहो, त्यातून टँकर दिसतो का बघा!" काकांनी बघितलं. दिसला नाही. तसं त्यांनी वहीत लिहिलं.

तक्त्यात बावीस रकाने झाले. स्प्रिंगची एअर रायफल मागे धक्का देते तसा पुढेही देते आणि भारी स्कोपचीसुद्धा कंबर मोडते, म्हणून निम्मी मॉडेलं लाल पेनाने बाद. ज्यांचं पॅरलॅक्स (डोळा हलला की नेमही हलल्यासारखा दिसण्याचा दोष) 100 यार्डांवर कायमचं बसवलेलं, ती 10 मीटरवर काय कामाची? तीही बाद. उरलेल्यांच्या नेम सरकवायच्या खटक्याचं गणित केलं तर कोनाच्या पाव मिनिटाच्या एका खटक्याला 10 मीटरवर नेम पाऊण मिलिमीटर सरकतो, आणि दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर! काका त्या रात्री जेवले नाहीत म्हणे.

शेवटी पुतणीलाच बोलावलं. तिने वही पहिल्या पानापासून चाळली, आदराने मिटली आणि म्हणाली, "काका, स्पर्धेत रायफलवर स्कोप चालतच नाही. बारीक भोकातून नेम धरायचा. स्वप्निलदादाच्या रायफलवर पण नव्हता."

मला वाटलं, आता माणूस खचणार. काकांनी चष्मा पुसला.

"आणि बाजूला स्टँडवर ठेवलेला?"

"तो 50 मीटरला चालतो. गोळी कुठे लागली ते बघायला. रायफलला जोडलेला नको, एवढंच."

"म्हणजे स्पॉटिंग स्कोप! 60 मिलिमीटर की 80? सरळ नळीचा की वाकड्या?"

"पण काका, मोठ्या स्पर्धांत आता टार्गेट इलेक्ट्रॉनिक असतं, गोळी समोरच्या स्क्रीनवरच..."

काका पट्टी धरून रेघा ओढत होते.